भिंतीवर राहिलेला कॅरमबोर्ड

शनिवारी दुपारी साडेचार वाजता कॅरम स्पर्धेची अंतिम फेरी संपली. चार चाळीसला प्रोजेक्टरला जोडलेला कॅमेरा बंद करण्यात आला. भिंतीवरचा कॅरमबोर्ड मात्र गेला नाही.

ठिकाण अंधेरी पूर्वेतल्या एका औद्योगिक वसाहतीचा तळमजला. मालाच्या हातगाड्या जिथून आत येतात तो रुंद बोळ. साठेक माणसं हजर होती: लेथवाले, छपाईवाले, औषधांची खोकी बनवणाऱ्या बायका, कुरिअरच्या गाळ्यातले लोक आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या कंपनीतले आम्ही सातही जण. बक्षिसं वाटून झाली होती आणि वडापाव फिरत होते. भिंतीकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. ज्यांचं गेलं त्यांना वाटलं, कॅमेरा अजून चालू असेल.

स्पर्धा भरवणारे काका बोर्ड जागेवर ठेवायला आले. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा लेथचा गाळा होता, मूळ गाव मालवणजवळ. त्यांनी बोर्ड स्टँडवरून उचलला, काखेत धरला आणि वळून पाहिलं.

"आयला, बोर्ड माझ्या हातात आसा," ते म्हणाले. "मगे भिंतीर कोण आसा?"

लोक हसले. काकांनी बोर्ड परत स्टँडवर ठेवला, पुन्हा उचलला. भिंतीवर फरक पडला नाही. लोक आणखी हसले. आमच्या कंपनीची अभियंता तेवढी हसली नाही. तिने हातातला वडापाव आमच्याच कंपनीतल्या वहिनींकडे दिला आणि ती भिंतीजवळ गेली.

कंपनी काय करत होती ते इथेच सांगायला हवं. प्रोजेक्टरच्या आत अंगठ्याच्या नखाएवढा एक चौकोनी पडदा असतो. त्यावर आधी चित्र उमटतं, मग भिंगातून मोठं होऊन भिंतीवर जातं. या पडद्याला आम्ही पॅनल म्हणायचो. खाली सिलिकॉनचा तुकडा, वर काच आणि मधे केसापेक्षा कितीतरी पातळ असा लिक्विड क्रिस्टलचा थर. सिलिकॉन बाहेरून यायचं. पॅनलची रचना, त्याला चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट आणि तो थर भरण्याचं काम तिसऱ्या मजल्यावर व्हायचं. तिथे काचेच्या भिंतींची एक लहान क्लीनरूम होती. आत जाताना टोपी, मास्क आणि पांढरा डगला सक्तीचा.

पॅनलची कल्पना, आराखडा आणि चार वर्षांचं काम अभियंत्याचं होतं. ती एकतीस वर्षांची, राहायला नाहूरला. आजोबा गिरणीत, वडील एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायला. ती घाटकोपरहून मेट्रोने यायची आणि बरोबर साडेनऊला तिच्या खुर्चीत असायची. कंपनीचा संस्थापक मुलुंडचा, तिच्याच कॉलेजातला, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. आपल्याला कुणी मालक म्हणू नये असं तो सगळ्यांना सांगायचा. काकांनी पहिल्याच दिवशी त्याला मालक म्हटलं आणि मग वसाहतीभर तेच नाव झालं. थर भरण्याचं आणि काच चिकटवण्याचं नाजूक काम वहिनी करायच्या. त्या बोरिवलीहून येत. आधी बरीच वर्षं त्यांनी दागिन्यांच्या कारखान्यात खडे बसवले होते. हात हलत नसे. माझं काम माहितीपुस्तिका लिहिण्याचं आणि चाचण्यांची वही ठेवण्याचं. त्याआधी मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो.

प्रोजेक्टर बनवणारी पुण्याची एक कंपनी आमचं पॅनल घेण्याच्या विचारात होती. त्यांनी दोन नमुने परत पाठवले होते. दोन्ही वेळी पत्रात एकच वाक्य होतं: चित्राची गुणवत्ता अपेक्षेनुसार नाही. तिसरा नमुना पाहायला त्यांचा तपासणी अधिकारी सोमवारी अकरा वाजता येणार होता. हा नमुनाही गेला तर क्लीनरूम बंद करायची आणि दुसऱ्यांचे प्रोजेक्टर विकायचे, हे संस्थापकाने सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. विक्रीच्या कंपनीत अभियंत्याला काम उरत नव्हतं. ते तिला वेगळं सांगायची गरज पडली नाही.

तो तिसरा नमुना त्या शनिवारी तळमजल्यावर होता. आणि तो तिथे तिनेच नेला होता.

झालं होतं असं. वसाहतीत दरवर्षी एक आठवडा कॅरमची स्पर्धा असते. जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी सामने होतात. बोर्ड एक, बघणारे साठ. मागच्या वर्षी राणी कव्हर झाली की नाही यावरून छपाईचा गाळा आणि खोक्यांचा गाळा यांच्यात महिनाभर बोलणं बंद होतं. या वर्षी काकांनी ठरवलं की खेळ सगळ्यांना दिसला पाहिजे. त्यांनी अभियंत्याला लिफ्टमध्ये गाठलं.

"गो बाये, तुझो तो सिनेमाचो डबो खाली लाव."

"काका, तो सिनेमाचा डबा नाहीये. आतल्या पॅनलचं काम आहे आमचं."

"मगे ता पॅनल लाव. माका काय!"

पुण्याच्या कंपनीची एक अट होती: नमुना दाखवण्याआधी तो शंभर तास सलग चाललेला असावा. तिसऱ्या मजल्यावर शंभर तास रिकाम्या भिंतीवर रंगीत पट्ट्या दाखवण्यापेक्षा तळमजल्यावर कॅरम दाखवला तर तासही भरतील आणि लोकही बघतील, असा हिशेब तिने केला. संस्थापकाने विचारलं, "खाली धूळ लागणार नाही ना?" ती म्हणाली, "प्रोजेक्टर बंद डबा आहे रे. आत जाणार नाही काही." धुळीचा विचार झाला. उष्णतेचा झाला. कुणी पाय अडकून पडेल म्हणून वायर भिंतीला चिकटवण्याचाही झाला. काकांनी लोखंडी अँगल कापून, जोडून बोर्डाच्या वर बरोबर मध्यावर कॅमेरा बसवून दिला. तो तसूभरही हलत नव्हता. त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं.

सोमवारी सकाळी दहाला प्रोजेक्टर सुरू झाला.

तो आठवडा वसाहतीला बरीच वर्षं लक्षात राहील असं तेव्हाच लोक म्हणत होते. बोर्ड भिंतीवर दाराएवढा उंच दिसायचा. सोंगटी काठाला लागून परतली की साठ माणसं एकदम श्वास सोडायची. हातगाड्या ओढणारे गाडी मधेच उभी करून बघायचे आणि मागचे ओरडायचे. खोक्यांच्या गाळ्यातल्या बायका जेवणाचे डबे घेऊन पहिल्या रांगेत बसायच्या आणि तिथून खेळाडूंना सूचना द्यायच्या.

संस्थापक पहिल्याच फेरीत गेला. त्याने दोनदा स्ट्रायकर पॉकेटमध्ये घातला.

"मालक," काकांनी पंचाच्या खुर्चीतून सांगितलं, "सोंगट्यो घालूच्यो असतत, स्ट्रायकर न्हय."

"काका, पंचांनी बोलायचं नसतं."

"मी पंच म्हणान नाय, शेजारी म्हणान सांगतंय."

वहिनी जिंकत गेल्या. त्यांनी छपाईवाल्याला हरवलं, कुरिअरच्या गाळ्यातल्या दोघांना लागोपाठ हरवलं. खडे बसवणारा हात स्ट्रायकरलाही उपयोगी पडत होता. तिसऱ्या मजल्यावर मात्र त्यामुळे एक अडचण झाली. बोर्डावरची पांढरी पावडर क्लीनरूममध्ये गेली असती तर एकही पॅनल धड झालं नसतं. अभियंत्याने नियम काढला: खेळून आलेल्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, कपडे बदलायचे, मगच आत. वहिनी दिवसातून दोनदा साडी बदलू लागल्या. "लग्नातसुद्धा एवढ्या बदलल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. शुक्रवारी त्या उपांत्य सामना जिंकून वर आल्या तेव्हा संस्थापक दारात साबण घेऊन उभा होता.

सामने नसत तेव्हाही प्रोजेक्टर चालूच असायचा, कारण तास सलग मोजायचे होते. कॅमेरा रिकाम्या बोर्डावर रोखलेला. भिंतीवर रिकामा बोर्ड.

पडदे बनवणाऱ्या कंपनीत सात माणसं होती. सगळी रोज त्या भिंतीसमोर उभी राहत होती. सगळ्यांचं लक्ष सोंगट्यांकडे होतं. बोर्डाच्या रेघा सोमवारपासून एकाच जागी आहेत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शनिवारची अंतिम फेरी काका आणि वहिनी यांच्यात झाली. स्वतःच्या प्रत्येक सामन्याला सोडत तशी काकांनी याही वेळी पंचाची खुर्ची सोडली आणि संस्थापकाला तिथे बसवलं, कारण त्याला नियम माहीत नसल्याने तो पक्षपात करू शकणार नाही असं सर्वांचं मत पडलं. शेवटच्या बोर्डात वहिनींना राणी घेऊन एक सोंगटी हवी होती. राणी गेली. कव्हरची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबली. काकांनी पुढच्या खेळीत बोर्ड संपवला. वहिनींनी हात पुढे केला, काकांनी दोन्ही हातांत धरला. टाळ्या बराच वेळ चालल्या.

दहा मिनिटांनी कॅमेरा बंद झाला. शंभर तासांची चाचणी संपली की पडद्यावर नुसता राखाडी रंग लावून पाहायचं, अशी पद्धत होती. अभियंत्याने तो लावला. त्या राखाडीत फिकट रेघांनी कॅरम होता: वर्तुळाचा तुकडा, तिरके बाण, स्ट्रायकर ठेवायच्या पट्टीच्या टोकांचे गोल.

आम्ही प्रोजेक्टर काढून तिसऱ्या मजल्यावर आणला. काका मागून आले, बोर्ड अजून काखेत. वरच्या भिंतीवर पुन्हा राखाडी लावला. रेघा होत्याच.

यामागचं कारण अभियंत्याला लगेच कळलं आणि तिने ते काकांनाच समजावून सांगितलं. पॅनलच्या प्रत्येक ठिपक्याला विजेचा दाब द्यावा लागतो. तो एकाच दिशेने देऊन चालत नाही. क्षणात अधिक, क्षणात उणे असा सारखा उलटवावा लागतो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील तर काही होत नाही. थोडी तफावत राहिली आणि चित्र हललं नाही, तर आतल्या थरात त्या चित्राचा ठसा बसतो.

"म्हणजे तुझा गणित चुकला," काका म्हणाले.

"हो."

"खंयचा?"

"तेच कळत नाहीये ना!"

संस्थापक खुर्चीत बसला होता. त्याने विचारलं, "हे जातं का पण?"

"हलतं चित्र लावून ठेवलं की जातं हळूहळू. उद्या दिवसभर काहीतरी लावून ठेवलं तर सोमवारपर्यंत दिसणार नाही."

"मग लाव ना!"

"आणि मंगळवारी त्यांनी पुण्याला नेऊन एकच चित्र लावून ठेवलं तर?"

"ते कशाला लावतील?"

"आपण लावलं ना. पडदे बनवणारे आपण, आपणच लावलं."

"अगं, दुसरं पॅनल आहे ना जास्तीचं. ते बसव."

"त्याच्यातही तेच असणार. त्याने फक्त कॅरम बघितलेला नाही."

कुणीतरी हसलं. संस्थापकही हसला, पण थोडा उशिरा. मग म्हणाला, "यार, वाट लागली."

वहिनी भिंतीसमोर उभ्या होत्या. आपला शेवटचा डाव त्या पुन्हा आठवत होत्या. उजव्या बाजूच्या पट्टीवर बोट ठेवून त्यांनी अंदाज घेतला.

"इथून मारली मी. जरा अलीकडून मारायला हवी होती." मग त्यांनी डावीकडे पाहिलं. "आणि काका, तुमची पट्टी कुठे गेली?"

काका पुढे आले. अंतिम फेरीत ते चित्राच्या डावीकडे बसले होते, वहिनी उजवीकडे. वहिनींची पट्टी, तिच्या दोन्ही टोकांचे गोल आणि उजवीकडचे दोन बाण भिंतीवर होते. काकांच्या बाजूला काहीच नव्हतं. मधलं वर्तुळसुद्धा अर्धंच होतं, मध्यावर सरळ कापल्यासारखं.

"मी जिकलंय," काका म्हणाले, "म्हणान माझी बाजू साफ."

अभियंत्याने मोजपट्टी घेऊन भिंतीवरचं वर्तुळ जिथे तुटत होतं तिथे उभी धरली. पॅनलच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागाला वीज देणारे सर्किटचे भाग वेगवेगळे होते. वर्तुळ नेमकं त्या सीमेवर तुटत होतं. तिने मोजपट्टी खाली ठेवली.

"वही दे," ती मला म्हणाली.

वहीत पहिल्या नमुन्यापासूनच्या नोंदी होत्या. दाबाचा समतोल साधण्यासाठी एक आकडा ठरवावा लागतो. पहिल्या नमुन्याच्या पानावर डाव्या भागाचा आकडा मोजून लिहिला होता. उजव्या भागापुढे तीन शब्द होते: उजवी बाजू डावीप्रमाणे. दुसऱ्या नमुन्याच्या पानावर तेच. तिसऱ्याच्या पानावरही तेच. खाली आणखी एक ओळ होती: स्थिर चित्र, वीस मिनिटं, ठीक.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"आणि कुणी सांगितलं होतं?"

"तू."

"बरं," ती म्हणाली. "वीस मिनिटंच का?"

"चाचणीचं चित्र दर वीस मिनिटांनी आपोआप बदलतं. तूच तसं लावलं आहेस."

ती हसली. त्या दुपारी पहिल्यांदाच. "म्हणजे आपण चार वर्षं त्याला एक चित्र नीट बघूच दिलं नाही."

ठसा पुसायचा नाही असं तिने ठरवलं. प्रोजेक्टर बंद करून त्यावर कागद चिकटवला: हात लावू नये. संस्थापकाने तो कागद वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे तू त्याला हे दाखवणार आहेस!"

"हो."

"सोमवारी? अकरा वाजता?"

"आधी हे दाखवीन. मग दुसरं."

"आणि दुसरंही तसंच निघालं तर?"

"तर तू प्रोजेक्टर विक. मी बायोडाटा करते."

त्याने कागदाचं सुटलेलं टोक दाबून चिकटवलं. मग म्हणाला, "उद्या किती वाजता यायचं?"

रविवारी वसाहत बंद असते. साडेनऊला आम्ही चौघं होतो. जास्तीचं पॅनल दुसऱ्या एका प्रोजेक्टरला जोडलं आणि उजव्या भागाचा उजेड मोजणारं यंत्र समोर ठेवलं. समतोल नसला की उजेड अगदी बारीक थरथरतो. डोळ्याला ते कळत नाही, यंत्राच्या पडद्यावर रेघेला दाते पडतात. डाव्या भागाची रेघ सरळ होती. उजव्या भागाच्या रेघेला दाते होते.

ती आकडा एकेक घर खाली आणत गेली. दाते लहान झाले, मग पुन्हा मोठे झाले. ती एक घर मागे आली. मग अर्धं घर पुढे. एक वाजून दहा मिनिटांनी उजव्या भागाची रेघ सपाट झाली. वहिनींनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "मशीन बंद पडलं का?"

"नाही वहिनी. असंच हवं होतं."

तेवढ्यात काका आले. त्यांचा गाळा बंद होता, ते मुद्दाम आले होते. हातात मोठा डबा, त्यात कोंबडी आणि वडे. क्लीनरूमच्या मजल्यावर खायला बंदी असल्याने आम्ही जिन्यात बसून जेवलो. काकांनी विचारलं, "गणित गावला?" अभियंता वडा तोंडात असल्याने नुसती मान हलवून हो म्हणाली.

"मगे आता काय?"

"आता बोर्ड पाहिजे. कॅमेऱ्याखाली."

"परत?"

"परत."

काका बोर्ड आणि कॅमेऱ्याचा अँगल वर घेऊन आले. तीन वाजता दुसऱ्या पॅनलवर, नव्या आकड्यासह, रिकाम्या कॅरमबोर्डाचं चित्र लागलं. सोमवारी अकरा वाजेपर्यंत वीस तास होणार होते. सहा दिवसांच्या आणि अटीतल्या शंभर तासांच्या तुलनेत ते थोडेच होते, पण पहिल्या पॅनलवर वीस तासांत ठसा किती बसला असता याचा अंदाज तिच्याकडे होता. डोळ्याला दिसण्याइतका बसला असता.

सोमवारी सकाळी नऊला संस्थापक तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"एकदा राखाडी लावून बघू या ना. एकच सेकंद."

"नाही."

"अगं पण आपल्याला कळायला नको?"

"चित्र बदललं की चाचणी मोडली. त्याच्यासमोरच कळेल."

"माझं बीपी वाढतंय."

"काकांकडे जाऊन बस."

तो खरंच काकांकडे जाऊन बसला.

तपासणी अधिकारी दहा पन्नासला आले. साठीच्या आसपासचे, हातात कातडी बॅग, पायांत पॉलिश केलेले बूट. चहा नको म्हणाले. अभियंत्याने त्यांना काय झालं ते सुरुवातीपासून सांगितलं: स्पर्धा, अँगल, सहा दिवस, वहीतले तीन शब्द. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग तिने कागद काढून पहिला प्रोजेक्टर लावला आणि राखाडी रंग आणला.

ते भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हा कॅरम आहे का?"

"हो सर."

"आपण आम्हाला दाखवायच्या नमुन्यावर कॅरम खेळलात?"

"खेळलो नाही सर. दाखवला."

"आणि हे आपण मला आपणहून दाखवताय."

"हो."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय ते कुणाला दिसलं नाही. "दुसरं दाखवा," ते म्हणाले.

दुसऱ्या प्रोजेक्टरवर रिकामा बोर्ड होता. अकरा वाजून बारा मिनिटांनी तिने बटण दाबलं. बोर्ड गेला, राखाडी आला. दारात वहिनी, काका आणि संस्थापक उभे होते.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. ट्यूबलाइट बंद करायला सांगितली. भिंतीपासून हातभर अंतरावर जाऊन डावीकडून उजवीकडे चालत गेले, मग उजवीकडून डावीकडे. पडदा थोडा काळा करायला सांगितलं. थोडा उजळ करायला सांगितलं. दोन मिनिटं गेली.

"काही नाही," ते म्हणाले. "डावीकडे नाही, उजवीकडेही नाही."

दारातून काका मोठ्याने म्हणाले, "आता दोघांची बाजू साफ!" वहिनींनी त्यांना कोपराने ढोसलं.

अधिकारी खुर्चीत बसले. आता त्यांनी चहा चालेल म्हणून सांगितलं. "आमच्याकडे हीच चाचणी असते," ते म्हणाले. "फक्त चित्र बुद्धिबळाच्या पटाचं असतं. काळे-पांढरे चौकोन. सात दिवस लावून ठेवतो."

"आम्हाला पाठवलेल्या यादीत ती नाही, सर."

"यादीत नसते."

अभियंत्याने विचारलं, "आधीचे दोन नमुने?"

"दोन्ही त्यातच गेले. उजवीकडे चौकोन राहिले होते." त्यांनी बशीत चहा ओतला. "आम्हाला वाटलं होतं आपण कधी शोधणार नाही."

"कॅरम नसता तर नसतंच शोधलं."

"आपल्याकडे कॅरम कोण चांगलं खेळतं?" त्यांनी विचारलं. काकांनी आणि वहिनींनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

ते दुसरं पॅनल मोहोरबंद करून घेऊन गेले. जाताना त्यांनी बोर्डाची मापं लिहून घेतली: बारीक रेघ, जाड गोल, तिरका बाण, सगळं एकाच चित्रात मिळतं म्हणून. लिफ्टचं दार बंद झाल्यावर संस्थापकाने अभियंत्याला विचारलं, "हे चांगलं की वाईट?" ती म्हणाली, "माहीत नाही रे. पण मला भूक लागलीये."

पुढचे दहा दिवस तिसऱ्या मजल्यावर काम नेहमीसारखं चाललं. चाचणीचं चित्र वीस मिनिटांनी बदलण्याची सोय तिने काढून टाकली. उजव्या भागाचा आकडा प्रत्येक पॅनलसाठी वेगळा मोजायचा असं ठरलं आणि वहीत त्यासाठी स्वतंत्र रकाना आखला. संस्थापक रोज तीनदा मेल उघडून बघायचा आणि आपण बघत नाही असं सांगायचा. वहिनी आणि काका यांचा जेवणाच्या सुट्टीत रोज एक सामना व्हायचा. दहा दिवसांत वहिनी सात जिंकल्या. काकांचं म्हणणं सहा.

गुरुवारी दुपारी तीन वीसला पुण्याहून पत्र आलं. संस्थापकाने ते उभं राहून वाचलं. सात दिवस स्थिर चित्र. ठसा आढळला नाही. नमुना मंजूर. खाली पहिल्या तुकडीची मागणी होती.

त्याने शेवटची ओळ सगळ्यांसाठी मोठ्याने पुन्हा वाचली. वहिनी क्लीनरूमच्या आत होत्या. त्यांना काचेतून हातवारे करून सांगावं लागलं. त्यांना वाटलं आग लागली. त्या डगल्यासकट बाहेर आल्या, मग कळल्यावर अभियंत्याला मिठी मारली, आणि मग दोघींनाही आठवलं की आता डगला बदलावा लागणार. अभियंत्याने खिडकीशी जाऊन नाहूरला घरी फोन लावला. वडिलांनी उचलला. ती दोनच वाक्यं बोलली. पलीकडून ते बराच वेळ बोलत राहिले आणि ती "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहिली. काका पेढे घेऊन वर आले. त्यांना कुणी सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता पहिल्या तुकडीचं काम सुरू झालं. संध्याकाळपर्यंत वहिनींनी सहा पॅनल भरली. अभियंत्याने सहाही पॅनलचे दोन्ही भाग मोजले आणि साडेसहा वाजता ती घरी गेली.